निष्क्रिय, अज्वलनशील औद्योगिक कचऱ्याचे भूभरण : संकल्पना, कसोट्या आणि दक्षता

१. प्रस्तावना

औद्योगिक कचऱ्याविषयीची चर्चा बहुधा घातक कचऱ्याभोवती फिरते. रासायनिक कारखान्यातील गाळ, वापरलेली तेले, आम्ले, कीटकनाशकांचे अवशेष यांच्याकडे शासनाचे, न्यायालयांचे आणि वृत्तपत्रांचे लक्ष जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु वजनाने पाहिले तर उद्योगांतून बाहेर पडणाऱ्या कचऱ्याचा फार मोठा भाग वेगळ्याच प्रकारचा असतो. ओतशाळेतील वापरून काळी पडलेली वाळू, भट्टीतील धातुमळी, भट्टीच्या अस्तरातून निघालेल्या उच्चतापसह विटांचे तुकडे, काचेचा व चिनीमातीचा चुरा, दगड कापताना निघणारी भुकटी, औष्णिक वीजकेंद्रातील राख हे सर्व पदार्थ जळत नाहीत, कुजत नाहीत, त्यांना सहसा दुर्गंधीही येत नाही. त्यामुळे ते निरुपद्रवी आहेत असे गृहीत धरले जाते. खड्डा बुजवण्यासाठी, रस्त्याच्या भरावासाठी किंवा सोडून दिलेल्या खाणीत ते बिनदिक्कत टाकले जातात.

अशा कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची रूढ पद्धत म्हणजे भूभरण. व्यवहारात त्यासाठी लॅन्डफिल हाच शब्द वापरला जातो. प्रस्तुत लेखात निष्क्रिय आणि अज्वलनशील औद्योगिक कचऱ्याच्या भूभरणामागील संकल्पना, कचरा निष्क्रिय ठरवण्याच्या कसोट्या, जागेची निवड, भरावाची पद्धत आणि भरावाचे स्थैर्य यांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे. निष्क्रियता हा पदार्थाच्या नावातच असलेला गुण नसून तो चाचणीने सिद्ध करावा लागणारा आणि विशिष्ट परिस्थितीपुरता खरा असणारा निष्कर्ष आहे, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. परिस्थिती बदलली, म्हणजे पाणी, संगत किंवा ढिगाचा उतार बदलला, की तो निष्कर्षही बदलतो.

२. अज्वलनशील, अघातक आणि निष्क्रिय : तीन भिन्न संज्ञा

या विषयातील पहिला गोंधळ शब्दांचा आहे. 'अज्वलनशील', 'अघातक' आणि 'निष्क्रिय' या तीन संज्ञा बोलण्यात समानार्थी म्हणून वापरल्या जातात. प्रत्यक्षात त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

अज्वलनशील म्हणजे न जळणारा. ही संज्ञा पदार्थाचे उष्णतेपुढील वर्तन सांगते, त्यापलीकडे काही सांगत नाही. ॲस्बेस्टॉस हे याचे ठळक उदाहरण होय. ते जळत नाही, पाण्यात विरघळत नाही आणि बहुतेक रसायनांना दाद देत नाही. याच गुणांमुळे त्याचा इमारतींत व कारखान्यांत सर्रास वापर झाला. तरीही त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास कर्करोग होतो. स्फटिकी सिलिकाच्या धुळीचीही हीच गोष्ट आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये व्यवसायाच्या ठिकाणी श्वासावाटे जाणाऱ्या अशा धुळीचा समावेश मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात केला.

अघातक म्हणजे कायद्यातील घातकतेच्या मर्यादा न ओलांडणारा. भारतात घातक कचऱ्याविषयीचे नियम प्रथम १९८९ मध्ये आले आणि पुढे २००८ व २०१६ मध्ये ते नव्याने करण्यात आले. २०१६ च्या नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत विविध घटकांच्या सांद्रतेच्या मर्यादा दिल्या आहेत. याच नियमांत राख, फॉस्फोजिप्सम, लाल चिखल, जॅरोसाइट, धातू वितळवताना निघणारी मळी आणि खनिज-प्रक्रियेतील अवशेष यांना 'मोठे आकारमान, अल्प परिणाम' असलेला कचरा मानून घातक कचऱ्याच्या वर्गातून वगळले आहे. हे वगळणे प्रशासकीय सोयीचे आहे. त्यातून तो पदार्थ निष्क्रिय असल्याचे सिद्ध होत नाही.

निष्क्रिय ही तिसरी आणि सर्वांत कठोर संज्ञा आहे. युरोपीय संघाच्या १९९९ च्या भूभरण निर्देशात तिची व्याख्या काळजीपूर्वक केलेली आढळते. त्यानुसार निष्क्रिय कचऱ्यात कोणताही लक्षणीय भौतिक, रासायनिक वा जैविक बदल होता कामा नये. तो विरघळू नये, जळू नये, कुजू नये आणि संपर्कातील अन्य पदार्थांवर पर्यावरणाला वा आरोग्याला बाधक ठरेल असा परिणाम त्याने करू नये. त्यातून झिरपून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील प्रदूषकांचे प्रमाणही नगण्य असले पाहिजे. भारतातील २०१६ च्या घनकचरा नियमांत दिलेली 'निष्क्रिय' या शब्दाची व्याख्या याहून बरीच मर्यादित होती. न कुजणारा, पुनर्चक्रण न होणारा, न जळणारा कचरा, रस्त्यावरील झाडलोट आणि गटारांतील गाळ एवढाच तिचा आशय होता. शिवाय ते नियम नागरी कचऱ्यासाठी होते. औद्योगिक अघातक कचऱ्याचा प्रकार, प्रमाण आणि विल्हेवाटीची पद्धत यांची नोंद प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात केली जाते. परिणामी 'घातक नाही' एवढ्या नोंदीवर पुष्कळसा कचरा व्यवहारात निष्क्रिय म्हणून वावरतो.

३. एक उदाहरण : ओतशाळेतील वाळू

वरील भेद स्पष्ट होण्यासाठी आपल्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. कोल्हापूर परिसरातील शिरोली, गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहती फौंड्री उद्योगासाठी प्रसिद्ध आहेत. वितळलेले लोखंड ओतण्यासाठी तेथे वाळूचे साचे वापरतात. ओल्या वाळूच्या पद्धतीत सिलिका वाळूत बेन्टोनाइट ही चिकणमाती, दगडी कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळतात. गाभे तयार करण्यासाठी मात्र वाळूचे कण रेझिनने बांधतात. ओतकाम झाल्यावर साचा फोडून वाळू मोकळी करतात आणि पुनःपुन्हा वापरतात. प्रत्येक वापरात उष्णतेमुळे कण फुटतात, चिकणमातीची बंधनशक्ती जाते आणि बारीक भुकटीचे प्रमाण वाढते. त्यामुळे काही वाळू सतत बाहेर काढून तिच्या जागी नवी वाळू घालावी लागते.

बाहेर काढलेल्या या वाळूचा मुख्य घटक सिलिका आहे आणि सिलिका निष्क्रियच असते. पण कणांवरील लेप सिलिकाचा नसतो. कोळशाची भुकटी तप्त धातूच्या सान्निध्यात अर्धवट जळते, तेव्हा बेन्झीन आणि बहुचक्रीय हायड्रोकार्बन तयार होतात. रेझिनच्या प्रकारानुसार फिनॉल किंवा फॉर्मल्डिहाइड यांचे अवशेष राहू शकतात. ओतलेला धातू कोणता, यावर वाळूतील जड धातूंचे प्रमाण ठरते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जोखीम-मूल्यांकनात लोखंड, पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या ओतशाळांतील सिलिकायुक्त वाळू मातीशी संबंधित ठरावीक उपयोगांसाठी योग्य मानली. शिसेयुक्त पितळ व कांस्य यांच्या ओतशाळांतील वाळूला मात्र हा निष्कर्ष लागू केला नाही. दोन्ही पदार्थ दिसायला काळी वाळूच आहेत आणि दोन्ही जळत नाहीत. फरक दिसतो तो चाचणीत.

४. निक्षालन चाचणी आणि तिचा अर्थ

भरावावर पडलेले पावसाचे पाणी कचऱ्यातून झिरपताना त्यातील विद्राव्य घटक सोबत घेऊन जाते. या क्रियेस निक्षालन म्हणतात. निष्क्रियतेची मुख्य कसोटी हीच आहे. कचऱ्यात एखादा धातू एकूण किती आहे यापेक्षा पाण्यात किती उतरतो, हे येथे महत्त्वाचे ठरते.

यासाठी दोन प्रकारच्या चाचण्या प्रचलित आहेत. पहिली अमेरिकेत १९९० पासून वापरात असलेली टीसीएलपी ही चाचणी होय. भारतातील घातक कचऱ्याच्या नियमांतही तिचा स्वीकार झाला आहे. या चाचणीत कचऱ्याच्या वीस पट वजनाचे सौम्य ॲसेटिक आम्लाचे द्रावण घेऊन मिश्रण सुमारे १८ तास घुसळतात. कुजणाऱ्या नागरी कचऱ्यासोबत हा कचरा पुरला गेला तर काय होईल, याचे ते अनुकरण असते. दुसरी युरोपीय चाचणी होय. तीत आम्लाऐवजी साधे शुद्ध पाणी, कचऱ्याच्या दहा पट, घेऊन २४ तास घुसळतात.

या चाचण्यांच्या मर्यादा एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्यास एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. भारतीय नियमांनुसार टीसीएलपी चाचणीत शिसे किंवा क्रोमियम यांचे प्रमाण लिटरमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत असेल, तर त्या घटकामुळे कचरा घातक ठरत नाही. युरोपीय संघाने २००३ मध्ये निष्क्रिय कचऱ्यासाठी ठरवलेली मर्यादा कचऱ्याच्या किलोमागे ०.५ मिलिग्रॅम आहे. एका किलोस दहा लिटर पाणी या हिशेबाने ती लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्रोमियमसाठी हीच मर्यादा आहे. दोन चाचण्यांची द्रावणे वेगळी असल्याने ही तुलना काटेकोर नाही. तरीही 'घातक नाही' आणि 'निष्क्रिय आहे' या दोन विधानांत साधारण शंभर पटींचे अंतर आहे, हे त्यावरून कळते. या अंतरातला कचरा उघड्या खाणीत टाकण्याजोगा नसतो. त्यासाठी अस्तर असलेले भूभरण क्षेत्र हवे.

चाचणी कोणत्या द्रावणात केली यालाही महत्त्व आहे. शिशासारखे धातू आम्लात अधिक विरघळतात. क्रोमेट, आर्सेनेट, मॉलिब्डेट, सेलेनेट या ऋणभारित रूपांत वावरणारे घटक मात्र अल्कधर्मी परिस्थितीतही सहज वाहून जातात. धातुमळी आणि राख बहुधा अल्कधर्मी असतात. अशा पदार्थांसाठी केवळ आम्लयुक्त चाचणीवर विसंबल्यास काही घटकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो.

चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे पदार्थ सुरक्षित झाला असेही नाही. अमेरिकेतील काही पितळी ओतशाळांत शिसेयुक्त वाळूत लोखंडाचा कीस मिसळण्याची प्रथा होती. धातुरूप लोखंडामुळे विरघळलेले शिसे तात्पुरते पुन्हा धातुरूपात येते आणि चाचणीच्या द्रावणात दिसत नाही. पुढे लोखंड गंजले की हे संरक्षण संपते आणि शिसे पुन्हा पाण्यात उतरू लागते. शिशासाठीचे प्रक्रिया-मानक गाठण्याकरिता असा कीस मिसळणे म्हणजे नियमबाह्य सौम्यीकरण होय, असे तेथील नियमांत १९९८ मध्ये स्पष्ट करण्यात आले. १८ तासांची चाचणी आणि भरावाचे दीर्घ आयुष्य यांतील अंतर या प्रकरणातून दिसते.

हे आयुष्य किती, याचा ढोबळ हिशेब करता येतो. समजा भराव १० मीटर जाडीचा आहे आणि त्याची घनता घनमीटरला १.५ टन आहे. एका चौरस मीटरखाली १५,००० किलो कचरा झाला. त्यातून दहा पट पाणी जायचे तर १,५०,००० लिटर, म्हणजे १५० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ झिरपावा लागेल. वर्षाला ३०० मिलिमीटर पाणी आत मुरते असे धरल्यास त्यासाठी ५०० वर्षे लागतील. तोच कचरा एक मीटर जाडीने पसरला तर हा काळ ५० वर्षांवर येतो. खोल, झाकलेल्या भरावात निक्षालन संथपणे होते. रस्त्याच्या कडेला किंवा शेताच्या बांधावर पातळ थरात पसरलेल्या कचऱ्यात ते तुलनेने लवकर पूर्ण होते. विखुरलेली विल्हेवाट निरुपद्रवी मानण्याची सवय या हिशेबाने तपासून पाहिली पाहिजे.

५. संगतीचा परिणाम

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण कचऱ्याच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरते. एकटा असताना निष्क्रिय असणारा पदार्थ दुसऱ्याच्या संगतीत निष्क्रिय राहीलच असे नाही.

जिप्सम हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते जळत नाही आणि कुजत नाही. पण ते कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यासोबत पुरले गेले, तर प्राणवायूच्या अभावी सल्फेटवर जगणारे जिवाणू त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निर्माण करतात. म्हणूनच युरोपीय नियमांत जिप्समयुक्त कचरा कुजणारा कचरा स्वीकारणाऱ्या कप्प्यात ठेवण्यास मनाई आहे. त्याचप्रमाणे कुजणाऱ्या कचऱ्यातून तयार होणारी सेंद्रिय आम्ले धातुमळीतील व राखेतील धातू विरघळवतात. कारखान्याचा निष्क्रिय कचरा गावाच्या कचरा डेपोवर झाकणमाती म्हणून वापरण्याची पद्धत त्यामुळे सरसकट योग्य म्हणता येत नाही.

दुसरे उदाहरण क्रोमाइट खनिजावरील प्रक्रियेनंतर उरणाऱ्या अवशेषाचे आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या हडसन परगण्यात १९०५ ते १९७६ या काळात क्रोमियमची रसायने बनवणारे कारखाने होते. त्यांतील वीस लाख टनांहून अधिक अवशेष दगडमातीसारखे दिसतात म्हणून पाणथळ जागा बुजवण्यासाठी आणि बांधकामाखालील भरावासाठी वापरले गेले. पुढे त्यांतून षट्-संयुजी क्रोमियम पाण्यात उतरू लागले आणि काही ठिकाणी भराव फुगून वरचे बांधकाम उचलले गेले. हे अवशेष उकरून काढण्याचे आणि त्या जागा शुद्ध करण्याचे काम पुढे अनेक दशके चालले. भराव घालताना वाचलेला खर्च नंतर कितीतरी पटींनी भरावा लागला.

६. जागेची निवड : महाराष्ट्राच्या भूस्तराच्या संदर्भात

निष्क्रिय कचऱ्याच्या भूभरणासाठी लागणारे नैसर्गिक संरक्षण इतर कचऱ्याच्या मानाने कमी असते. युरोपीय निर्देशानुसार घातक कचऱ्याखाली किमान ५ मीटर आणि अघातक कचऱ्याखाली किमान १ मीटर जाडीचा, सेकंदाला १०⁻⁹ मीटरहून अधिक पारगम्यता नसलेला थर लागतो. निष्क्रिय कचऱ्याखाली १ मीटर जाडीचा थर पुरतो आणि त्याची पारगम्यता १०⁻⁷ मीटरपर्यंत, म्हणजे शंभर पट जास्त, चालते. ही सवलत कचरा खरोखरच निष्क्रिय आहे या गृहीतकावर उभी आहे. गृहीतक चुकले की संपूर्ण रचनाच अपुरी ठरते.

आपल्याकडे भरावासाठी पहिली पसंती मिळते ती सोडून दिलेल्या दगडखाणींना. खड्डा तयार असतो आणि जमीन अन्य उपयोगाची नसते. परंतु महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे. घट्ट बेसाल्ट स्वतः फारसा पाणी जाऊ देत नसला, तरी त्यातील सांधे, भेगा आणि दोन लाव्हाथरांमधील झिजलेले पट्टे यांतून पाणी वाहते. खडकाळ प्रदेशातील विहिरींना पाणी लागते ते याच वाटांनी. खाणीत सुरुंगांमुळे या भेगा अधिक मोकळ्या होतात, आणि वरचा मातीचा थर आधीच काढून टाकलेला असतो. म्हणजे सर्वाधिक संरक्षणाची गरज असते तेथेच ते सर्वांत कमी असते. खाणीत पावसाळ्यानंतर पाणी साचून राहत असेल, तर तिचा तळ भूजलपातळीच्या खाली असण्याचा संभव तपासला पाहिजे. कोकणातील जांभा दगडही सच्छिद्र असल्याने तेथे अशीच सावधगिरी आवश्यक आहे.

काळी माती हा यावर उपाय वाटतो, आणि योग्य रीतीने ओली करून दाबून बसवल्यास तिची पारगम्यता खरोखरच अत्यल्प होते. मात्र तीच माती उन्हाळ्यात वाळली की तिला खोल भेगा पडतात. म्हणून मातीचे अस्तर घातल्यावर ते उघडे न ठेवता लगेच झाकणे आणि त्याचा ओलावा टिकवणे आवश्यक ठरते. मुरमाचा थर अस्तर म्हणून उपयोगी पडत नाही, कारण त्यातून पाणी सहज निघून जाते.

७. भरावाची कार्यपद्धती

चांगल्या भूभरण क्षेत्राचे काम प्रवेशद्वारापासून सुरू होते. कचऱ्याची तपासणी तीन पातळ्यांवर होणे अपेक्षित असते. पहिली पातळी मूलभूत परीक्षणाची. यात कचरा कोणत्या प्रक्रियेतून निघाला, त्यात काय आहे आणि निक्षालनात काय उतरते याची संपूर्ण माहिती कारखान्याने द्यावयाची असते. दुसरी पातळी नियतकालिक फेरचाचणीची. कच्चा माल, रेझिन किंवा मिश्रधातू बदलला की कचराही बदलतो, म्हणून ती लागते. तिसरी पातळी प्रत्यक्ष पडताळणीची. गाडीचे वजन, चलनावरील वर्णन आणि आतील माल यांचा मेळ बसतो की नाही हे पाहिले जाते. वाळूच्या गाडीत तळाशी तेलकट चिंध्या, रंगाचे डबे किंवा गाळाची पोती निघाली, तर ती परत पाठवण्याचा अधिकार प्रवेशद्वारावरील कर्मचाऱ्यास असला पाहिजे आणि त्याने तो वापरलाही पाहिजे.

आत आलेला कचरा एकाच वेळी सर्वत्र न पसरता ठरावीक कप्प्यात, पातळ थरांत टाकून दाबावा लागतो. धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडणे आणि बारीक भुकटी ओली करून उतरवणे ही साधी पण महत्त्वाची पथ्ये आहेत. भरावाच्या वरच्या अंगाने येणारे पावसाचे पाणी चर खोदून बाहेरून वळवावे लागते. भूजलावर लक्ष ठेवण्यासाठी प्रवाहाच्या वरच्या बाजूस किमान एक आणि खालच्या बाजूस किमान दोन निरीक्षण-विहिरी हव्यात. भराव सुरू होण्यापूर्वीच त्यांतील पाण्याची तपासणी करून ठेवली नाही, तर पुढे झालेला बदल सिद्ध करता येत नाही.

८. ढिगाचे स्थैर्य

रसायनदृष्ट्या पूर्णतः निरुपद्रवी कचराही केवळ वजनामुळे संहारक ठरू शकतो, याची दोन उदाहरणे जगापुढे आहेत.

वेल्समधील ॲबरफॅन या खाणगावात डोंगरउतारावर कोळसा खाणीतील टाकाऊ दगडमातीचे ढीग होते. त्यांपैकी सातव्या क्रमांकाच्या ढिगाखाली नैसर्गिक झरे होते. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी पाण्याने जड झालेला तो ढीग घसरला आणि खालच्या प्राथमिक शाळेवर व घरांवर कोसळला. १४४ माणसे दगावली आणि त्यांपैकी ११६ मुले होती. चौकशी न्यायाधिकरणाने राष्ट्रीय कोळसा मंडळास जबाबदार धरले. अशा ढिगांच्या सुरक्षिततेसाठी ब्रिटनमध्ये १९६९ साली स्वतंत्र कायदा करण्यात आला.

दुसरी घटना चीनमधील शेन्झेन शहराची आहे. तेथे एका जुन्या खाणीत बांधकामाची माती व राडारोडा यांचा भराव घातला जात होता. खाणीत साचलेल्या पाण्याचा निचरा नीट केला गेला नव्हता आणि ढीग मर्यादेपलीकडे वाढवण्यात आला होता. २० डिसेंबर २०१५ रोजी तो घसरून औद्योगिक वसाहतीतील ३३ इमारती बाधित झाल्या. ७३ जण मरण पावले आणि चार जणांचा पत्ता लागला नाही. त्या दिवसांत असाधारण पाऊस पडलेला नव्हता. ढिगात आधीच अडकलेले पाणीच पुरेसे ठरले.

महाराष्ट्रात जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीनंतर नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीजकेंद्राच्या खसाळा येथील राख-तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी परिसरातील शेतांत व नाल्यांत पसरले. या तिन्ही घटनांत पदार्थ वेगळे असले, तरी कारण एकच आहे. कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की त्या पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर लोटतो, त्यांच्यातील घर्षण कमी होते आणि ढीग द्रवासारखा वाहू लागतो. म्हणून उतार मंद ठेवणे, साधारणपणे एक उभा आणि तीन आडवा या प्रमाणात, तळाशी निचऱ्याची सोय करणे, झऱ्यावर किंवा ओढ्याच्या पात्रात कधीही भराव न घालणे आणि ढिगाच्या पायथ्याशी वस्ती होऊ न देणे हे नियम निष्क्रिय कचऱ्यासाठीही तितकेच बंधनकारक मानले पाहिजेत.

९. वर्गीकरणाचे अर्थकारण

कचऱ्याला निष्क्रिय म्हणण्यात आर्थिक हितसंबंधही गुंतलेले असतात. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर १९९६ पासून भूभरणावर कर आकारला जाऊ लागला. तेव्हा सर्वसाधारण कचऱ्यासाठी टनामागे ७ पौंड आणि निष्क्रिय कचऱ्यासाठी २ पौंड असा दर होता. एप्रिल २०२५ मध्ये इंग्लंडमधील हे दर अनुक्रमे १२६.१५ पौंड आणि ४.०५ पौंड झाले. साडेतीन पटींची तफावत एकतीस पटींवर गेली. साहजिकच मिश्र कचरा निष्क्रिय म्हणून दाखवण्याचा मोह वाढला. चाळणीतून निघणाऱ्या बारीक मिश्र कचऱ्यासाठी २०१५ पासून ज्वलनहानी चाचणी लागू करण्यात आली. नमुना भट्टीत तापवून वजनात किती घट होते, यावरून त्यातील सेंद्रिय अंश कळतो. 'अज्वलनशील' हे विशेषणही शेवटी भट्टीत सिद्ध करावे लागले.

भारतातील राखेचे धोरण दुसऱ्या दिशेने गेले. सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेपासून राखेच्या वापरावर भर देण्यात आला. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरणीय भरपाई ठरवली. २०२१-२२ मध्ये देशात सुमारे २७ कोटी टन राख निर्माण झाली आणि सुमारे ९६ टक्के राखेचा वापर झाल्याची नोंद आहे. सिमेंट व विटा यांतील वापरामुळे नैसर्गिक साधनसंपत्तीची बचत होते, हे निर्विवाद आहे. पण सखल जमिनी आणि जुन्या खाणी भरणे हेदेखील 'वापर' या सदरात मोडते. भौतिकदृष्ट्या ते भूभरणच होय. केवळ शीर्षक बदलल्याने निक्षालन थांबत नाही. त्यामुळे भरावासाठीच्या वापरालाही भूभरणाच्याच कसोट्या लावणे तर्कसंगत ठरेल.

१०. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा, की न जळणे व न कुजणे हे निष्क्रियतेचे आवश्यक निकष आहेत, पण ते पुरेसे नाहीत. दुसरा असा, की कायद्याने अघातक ठरलेला कचरा आणि निष्क्रिय कचरा यांत मोठे अंतर असून त्या अंतरातील कचऱ्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र वर्ग आणि स्वतंत्र प्रकारचे भूभरण क्षेत्र असणे इष्ट आहे. तिसरा असा, की खरोखर निष्क्रिय कचऱ्यालाही योग्य जागा, निचरा आणि मंद उतार यांची गरज असते. आणि चौथा असा, की भूभरण हा शेवटचा पर्याय आहे. ओतशाळेतील वाळूची यांत्रिक वा औष्णिक पद्धतीने पुनःप्राप्ती करणे आणि तपासलेली वाळू बांधकाम साहित्यात वापरणे हे त्याआधीचे टप्पे होत.

महाविद्यालयांना या बाबतीत करण्यासारखे पुष्कळ आहे. पदवी स्तरावरील पर्यावरण अभ्यासात कचऱ्याची विभागणी बहुधा कुजणारा आणि न कुजणारा अशी शिकवली जाते. तिला 'विरघळतो काय, उडतो काय, घसरतो काय' या तीन प्रश्नांची जोड देता येईल. नमुन्याची ज्वलनहानी, निक्षालित पाण्याचा सामू, विद्युतवाहकता, क्लोराइड आणि सल्फेट यांचे मापन महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतही होऊ शकते. जड धातूंसाठी मात्र विद्यापीठाच्या वा अधिकृत प्रयोगशाळेची मदत घ्यावी लागेल. परिसरातील एखाद्या भरावाखालच्या विहिरींचे पाणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर सलग काही वर्षे तपासून त्याची नोंद ठेवणे हा विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील प्रकल्प आहे. भराव सुरू होण्यापूर्वीची अशी नोंद हाताशी असेल, तर पुढे गावकरी, कारखानदार आणि मंडळ यांच्यातील वाद अंदाजावर न लढता आकड्यांवर सोडवता येईल.